पटलं नाही तरी चालेल

तिरडीला खांदा देऊन उभ्या असलेल्या माणसांची मतं विचारणारा गृहस्थ मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे अंताजीपंत. कल्याणात आमच्या आळीत एक म्हातारे वारले आणि स्मशानात कोणत्या वाटेनं जायचं यावर वाद पेटला. पंतांनी चारी खांदेकऱ्यांना एकेक करून विचारलं, "पटतंय का, ते विचारत नाही. चालेल का, तेवढं सांगा." मयताच्या घरचेही हसू दाबू लागले. पंत माझे सख्खे मामा, त्यामुळे लोक हसले की मान खाली घालायचं काम माझ्याकडे.

आमच्या भजनी मंडळाचे ते प्रमुख. "सगळ्यांना पटेपर्यंत थांबलो तर भजन वैकुंठातच व्हायचं," असं म्हणत. ज्याला चालणार नाही, त्यानं काय केलं म्हणजे चालेल तेही सांगायचं. नुसतं नाक मुरडायचं नाही. एकदा डोंबिवलीला भजनाला निघालो, तर त्यांनी गाडीवानालाही विचारलं. तो म्हणाला, "माना चालंल पंत, पन बैल बसलं त्याचा काय?" पंत खरोखर बैलांपुढे जाऊन उकिडवे बसले. मी पुन्हा मान खाली घातली. पण खोटं कशाला बोलू, शेजारची मंडळं भांडून फुटली, आमचं टिकलं.

पुढं पंतांचे कान गेले. आमची ओळ संपून जाई आणि ते एकटेच मागून गात येत. ऐकणारे उपरण्यात तोंड लपवत. वडीलधाऱ्या माणसाला सांगणार कोण? अखेर रामनवमीला देवळात पोरांनी त्यांच्या एकट्या ओळीवर टाळ्या पिटल्या, आणि तेवढं मात्र त्यांना दिसलं.

पुढची बैठक त्यांच्याच घरी होती. पंतांनी टाळ खाली ठेवले.

"मी यापुढं गाऊ नये, असं मांडतो. पटतंय का, ते विचारत नाही."

कानाशी हात धरून ते एकेकापुढे गेले. हळू बोलायचीही सोय नव्हती. जो तो सतरंजीकडे बघत ओरडला, "चालेल!" मीही ओरडलो. त्या वेळी जी लाज वाटली, ती मामांची नव्हती, माझी मलाच वाटली.

"ठरलं तर," पंत म्हणाले.

तेवढ्यात माजघराच्या दारातून मामी म्हणाल्या, "मला चालणार नाही."

चार माणसांसमोर मामींचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. पंतांना तर आताही ऐकू आला नाही. मी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांचा चेहरा कानकोंडा झाला.

"इतकी वर्षं गावाला विचारत फिरलो, आणि हिला कधी विचारलंच नाही रे," ते पुटपुटले. मग म्हणाले, "काय केलं म्हणजे चालेल, विचार तिला."

"ह्यांची ओळ संपेपर्यंत तुम्ही सगळ्यांनी थांबायचं," मामी म्हणाल्या.

मी तेही ओरडून सांगितलं. पंतांनी कानाशी हात धरून आमच्याकडे पाहिलं. मीच त्यांचे टाळ उचलून त्यांच्या हातात दिले.

आम्ही पहिली ओळ म्हटली आणि थांबलो. मामा मागून येत होते.