उभा हात, आडवा हात

सोमवारी सकाळी आमचं लॉन वाफ्यातून उठून बांधावर जाऊन बसलं होतं. तीनशे चौरस फूट, ओगल्यांच्या ऑर्डरचं, शनिवारी द्यायचं होतं. जागेवर नुसती माती उरली होती आणि स्प्रिंकलर तिच्यावर इमानेइतबारे पाणी मारत होता.

मला राग आला. लॉनचा नाही, आमच्या ह्यांचा. आमच्या नर्सरीत लॉनला युरिया टाकायची पद्धत ठरलेली आहे. मापातला अर्धा उभ्या हाताने, म्हणजे वाफ्याच्या लांबीने फेकत जायचा. उरलेला अर्धा आडव्या हाताने. मग हिरवेपणा सगळीकडे सारखा येतो, पट्टे पडत नाहीत. उभा हात ह्यांचा, आडवा माझा. लग्नापासून असंच चाललंय. फक्त गेला महिनाभर आमचा अबोला होता. कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही.

"तुमी किती टाकत व्हता?" मी अबोला मोडून विचारलं.

"पुरता. तू टाकशील का न्हाई, काय भरवसा? आन् तू?"

"म्या बी पुरता."

हे बांधाकडे बघत राहिले. "मंग ते कसं बसंल जागेवर?"

त्यात काही खोटं नव्हतं. युरिया जास्त झाला की पात वर धावते आणि मूळ खाली जात नाही. मूळच नसलं की जमिनीला धरून राहायचं कारण उरत नाही. असल्या लॉनला तीन आठवडे युरिया तोडायचा, बेताचं पाणी द्यायचं, मग ते मूळ धरतं आणि बसतं. पण ओगल्यांना शनिवारी काय द्यायचं, या विचाराने मला जेवण गेलं नाही. मी उगाच चारदा बांधावर जाऊन आले. चारही वेळा ते वेगळ्या ठिकाणी होतं.

ओगले बुधवारी स्वतःच आले. ते सरकारी जमीन मोजणीत भूकरमापक होते, निवृत्त झाले तरी टेप खिशात असते. त्यांनी वाफ्यापासून लॉनपर्यंतचं अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं.

"गती?" त्यांनी विचारलं.

"दव हाय तवर मिनिटाला हातभर," हे म्हणाले. "ऊन चढलं की बसून ऱ्हातंय."

"दिशा?"

"युरिया दिसंल तिकडं."

ओगल्यांनी तेही लिहिलं. मी म्हटलं, "काका, तीन आठवडे थांबा. बसलेलं देते."

त्यांनी वही मिटली. "वहिनी, आमच्या हिला थांबवत नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं ओसरीतल्या खुर्चीत आहे. डॉक्टर म्हणाले, पायाला दवाचं गवत लागू दे. चाकाची खुर्ची आणली तर हात लावत नाही. म्हणते, मला कुणी ढकललेलं चालायचं नाही." मग वही खिशात घालत म्हणाले, "आधी गावात कुठेही जायचं तर ती पुढे असायची. मी मागे."

त्यांनी कागद काढून लिहून दिलं, की सदर लॉन चालते आहे हे समक्ष पाहून ताब्यात घेत आहे, पुढे तक्रार करणार नाही. खाली सही केली. आमच्याही सह्या घेतल्या.

शनिवारी लॉन गुंडाळायला गेलो तर हातात तुटायला लागलं. शेवटी टेम्पोत फळी लावून मूठभर युरिया आत टाकला, तेव्हा ते आपसूक वर चढलं. ओगल्यांच्या अंगणात उतरवून मी बजावलं, "ह्याला आता युरियाचा दाणा दाखवायचा न्हाई. तीन आठवड्यात बसंल."

ओसरीतल्या खुर्चीतून ओगल्यांच्या वत्सलाताई ऐकत होत्या.

माझं मात्र मन थाऱ्यावर राहीना. चौथ्या दिवशी, दव असतानाच, मी सायकल काढून ओगल्यांकडे गेले. लॉन अंगण ओलांडून फाटकापाशी आलं होतं. त्यावर ओसरीतली खुर्ची, खुर्चीत ताई, पावलं गवतात बुडालेली. मांडीवर वाटी होती. गुलाबांसाठी आणलेला युरिया त्या उजव्या हाताने चिमटीचिमटीने पुढे टाकत होत्या. मागे ओगले टेप धरून.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा तिला," ओगले म्हणाले. "रोज देते आहे. अशाने ते मूळ कधी धरणार? ते बसायला नको का?"

"ते बसलं की मीही बसले," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून जड आहे, शब्द सावकाश येतात. "दोन वर्षं बसलेच होते ना."

तीन आठवडे मीच सांगितले होते. ताईंच्या पायाखाली लॉन चुळबुळत होतं, ऊन यायला फार वेळ नव्हता, आणि फाटक बंद होतं.

ताईंनी मला विचारलं, "फाटकाबाहेर कसा टाकायचा गं? उभा का आडवा? तुमची काही पद्धत असेल."

मी ओगल्यांकडे बघितलं. त्यांनी टेप सावकाश गुंडाळली, खिशात घातली आणि जाऊन फाटकाची दोन्ही दारं उघडली.

"पुढं टाका," मी म्हणाले.

लॉन जरा अंग चोरून बाहेर पडलं. दव होतं तोवर ताई पोस्टाच्या चौकापर्यंत गेल्या. ओगले मागे होते.