त्र्यंबकराव साळिंदरांची जय्यत तयारी

मुलांनो, एका जंगलात उन्हाळा असा कडक पडायचा, की दुपारच्या वेळी वाघसुद्धा कुणाच्या अंगावर धावून जायचा कंटाळा करायचा. नदी आटायची. पात्रात नुसती पांढरी वाळू उरायची.

एवढी मोठी मोकळी जागा रिकामी पडते म्हटल्यावर जंगलातल्या कर्त्या प्राण्यांना चैन पडेना. त्यांनी सभा घेतली. सभेत ठरलं, की यंदा नदीच्या पात्रात तीन दिवसांचा संगीत महोत्सव करायचा.

"भर उन्हाळ्यात?" एका कासवाने विचारलं.

"पावसाळ्यात तिथे नदी असते," समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब अस्वल म्हणाले.

कासवाने मान आत घेतली. ठराव एकमताने मंजूर झाला.

आता याच जंगलात त्र्यंबकराव नावाचे एक साळिंदर राहत होते. मोठे नेमस्त गृहस्थ. बिळाबाहेर पडायचं तरी आधी तीनदा बाहेर डोकावून बघायचे. महोत्सवाची पत्रिका हातात पडली तेव्हा मात्र ते बिळातून थेट उडी मारून बाहेर आले.

"अगं उमा! तिसऱ्या दिवशी सकाळी दयाळबुवा गाणार आहेत!"

हे दयाळबुवा म्हणजे एक म्हातारा दयाळ पक्षी. एवढासा जीव, पण गळा असा, की वारासुद्धा थांबून ऐके. त्र्यंबकरावांनी तरुणपणी त्यांना एकदाच ऐकलं होतं. एका पहाटे ते कंद उकरत होते आणि वरच्या फांदीवर बुवा गात होते. गाणं निम्म्यावर आलं आणि गव्यांचा कळप धाडधाड करत तिथून गेला. बुवा उडाले ते थेट डोंगरापलीकडे. राहिलेलं निम्मं गाणं त्र्यंबकरावांना पुढे कधी ऐकायला मिळालं नाही. जेवताना घास हातात धरून ते मधेच विचारत, "पुढे काय असेल गं?"

उमाकाकू म्हणत, "पुढे भात आहे."

आणि आता बुवा परत येणार होते. पत्रिकेत लिहिलं होतं, की यानंतर ते जाहीर गाणार नाहीत.

"या वेळी काही म्हणजे काही आडवं येता कामा नये," त्र्यंबकराव म्हणाले आणि तयारीला लागले.

तयारी दोन महिने चालली. पळसाच्या अकरा पानांवर यादी झाली. पाण्याचे माठ, कैरीचं पन्हं, उन्हासाठी कांदे, सतरंज्या, ताडपत्री, सहा छत्र्या, विणलेले पंखे, बाम, तो संपला तर दुसरा बाम, घशासाठी ज्येष्ठमध, आणि नवोदित कलाकारांसाठी कापसाचे बोळे. म्हणजे आपल्या कानात घालायला. दाभण तेवढे घेतले नाहीत, कारण ते अंगावरच होते. शेवटी हे सगळं न्यायला एक हातगाडीच बनवावी लागली.

रोज दुपारी अंगणात बसण्याचा सराव व्हायचा. दोघं उन्हात तीन-तीन तास मांडी घालून बसायची. समोर कुणीच गात नसायचं.

शेजारी प्रल्हाद ससा राहायचा. तो कुंपणाला टेकून हे सगळं बघायचा.

"तुझी तयारी झाली का रे?" त्र्यंबकरावांनी त्याला विचारलं.

"कसली तयारी काका? गाणं ते गातील. मी कान घेऊन येतो."

"उपाशी मरशील तिथे!"

"बघू की तिथे," प्रल्हाद म्हणाला. हे वाक्य म्हणणारे प्राणी, मुलांनो, फार सुखी असतात. का ते पुढे कळेलच.

महोत्सव सुरू झाला. पहिलं होतं बेडकांचं समूहगान. ते रद्द झालं, कारण उन्हाळ्यात बेडूक जमिनीखाली झोपलेले असतात, हे समितीला पत्रिका वाटून झाल्यावर समजलं. मग मोर आले. त्यांचा पिसारा उघडून होईपर्यंत त्यांची वेळ संपली. मग एका तरसाने अर्धा तास हसून दाखवलं. बोळे उपयोगी पडले.

प्रल्हाद ससा हात हलवत आला आणि सरळ त्र्यंबकरावांच्या सतरंजीवर आडवा झाला. "काकू, पन्हं झकास झालंय हं," असं त्याने तिसऱ्या पेल्यानंतर सांगितलं.

थोड्या वेळाने एक हरिणी आली. पिल्लाला ऊन लागलं होतं. त्र्यंबकरावांनी लगेच कांदा दिला, छत्री दिली. मग माकडं पंख्यांसाठी आली. रानडुक्कर पाण्यासाठी आलं. कारण असं, की समितीने व्यासपीठाला झालर लावली होती, पण पाणी आणि सावली लागते हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्र्यंबकरावांना मनातून बरं वाटलं. पळसाची अकरा पानं कारणी लागत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेब अस्वल स्वतः आले. गाडीभोवती फिरले. मान डोलावून गेले. जरा वेळाने दोन कोल्हे येऊन गाडीवर पाटी ठोकून गेले: 'चौकशी व सुविधा केंद्र'.

मग काय विचारता! दिवसभर रांग. "इथे डोकं दुखतं त्यावर काय मिळेल?" "माझी शेपूट हरवलीय, म्हणजे या गर्दीत मला दिसत नाहीये." "समोर जिराफासारखा कोण बसलाय, त्याला खाली वाकायला सांगा." त्या दिवशी कोण गायलं, काय गायलं, त्र्यंबकरावांना काही म्हणजे काही कळलं नाही.

संध्याकाळी उमाकाकू म्हणाल्या, "अहो, उद्या बुवा आहेत."

"हो गं. उद्या गर्दी कमी असेल."

तिसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होती.

सकाळची उन्हं चढली तसे दयाळबुवा आले. दोन चिमण्यांनी त्यांना धरून व्यासपीठावर रोवलेल्या फांदीवर बसवलं. पंख विरळ झाले होते. त्यांनी डोळे मिटले आणि पहिला सूर लावला. सगळं पात्र गप्प झालं.

गाडीजवळ सोडून.

"पन्हं संपलं का हो?" रानडुक्कर विचारत होतं. एक माकडीण पंखा बदलून मागत होती, कारण तिच्या पंख्याला वारा कमी येत होता. त्र्यंबकराव एका हाताने माठ धरून दुसऱ्याने बाम शोधत होते आणि कान तिकडे लावत होते. गाणं ओळखीच्या वाटेने चाललं होतं. आता ती जागा येणार, जिथे गवे आले होते! त्यांनी तिकडे एक पाऊल टाकलं. पण समोर रांग होती आणि रांगेला नाही म्हणायचं त्यांना कधी जमलं नव्हतं.

उमाकाकूंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी अंगावरचे सगळे काटे उभे केले. साळिंदरीण काटे उभे करते तेव्हा रांग आपोआप मागे सरकते.

"प्रल्हाद, ऊठ!"

"मी, काकू?"

"तीन दिवस आमच्या सतरंजीवर लोळलास. आता गाडी सांभाळ."

"पण मला यातलं काही..."

"बघू की तिथे, म्हणाला होतास ना? हेच ते 'तिथे'. बघ आता!"

त्यांनी त्र्यंबकरावांच्या हातातून माठ काढून सशाच्या हातात दिला आणि नवऱ्याला ओढत गर्दीत नेलं. जागा मिळाली ती अगदी उघड्यावर, तापलेल्या वाळूत. खाली सतरंजी नाही, वर छत्री नाही.

"अगं, कांदा तरी..."

"गप्प बसा आणि ऐका."

ती जागा आली. या वेळी कुणी धावत आलं नाही. गाणं पुढे गेलं.

पुढे काय होतं म्हणता? पुढे तेच होतं. बुवांनी सुरुवातीचीच ओळ परत घेतली. पण आधी ती ओळ घराबाहेर पडल्यासारखी वाटली होती, आता ती घरी परत येत होती. इतकंच. त्र्यंबकरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. नाक तापून लाल झालं होतं, पाय भाजत होते, आणि त्यातलं काहीही त्यांना कळत नव्हतं. उमाकाकूंनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि मग हळूच आपलंही.

गाणं संपल्यावर समारोप झाला. अण्णासाहेब म्हणाले, "या महोत्सवात ज्या एकाच प्राण्याने दूरदृष्टीने तयारी केली, त्याचा सत्कार करताना आम्हाला आनंद होतो." ते गाडीकडे गेले. गाडीजवळ प्रल्हाद ससा उभा होता. त्यांनी त्याला शाल घातली, श्रीफळ दिलं.

ससा क्षणभर गोंधळला. मग त्याने घसा साफ केला, गाडीतला ज्येष्ठमध तोंडात टाकला आणि पूर्वतयारीचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलला. भाषण इतकं रंगलं, की पुढच्या वर्षीच्या समितीत त्याला घेतलं. खरं तर तो बोललाही चांगलं.

घरी जाताना गाडी रिकामी होती. उमाकाकू धुसफुसत होत्या. "अहो, सत्कार तुमचा व्हायला हवा होता!"

"कसला सत्कार?" त्र्यंबकरावांनी विचारलं. ते गुणगुणत होते. सूर अगदीच वेडावाकडा होता, पण गाणं पूर्ण होतं.

तात्पर्य : मुलांनो, उन्हाळी महोत्सवाला जाताना भरपूर सामान न्यावं. नाही नेलं, तर ते टाकून गाणं ऐकायला कसं जाणार? आणि सोबत एक आळशी शेजारीही न्यावा. शाल घ्यायला कुणीतरी लागतंच.