कुलूप असलेलं दार

आमच्या मजल्यावरचे अहिरे नाना कुलूप लावलेलं दारही वाजवतात. सोसायटीत चोवीस फ्लॅट. पाण्याच्या टाकीच्या मीटिंगचं सांगायला निघाले, की बंद दारावरसुद्धा तीन टकटक.

"नाना, कुलूप आहे."

"कुलूप बाहेरून असतं भाऊ. माणूस आत असतो."

नाना मूळचे देवळ्याचे. पोलिसात हवालदार होते, निवृत्तीला दोन वर्षं झाली. पण चौकशी निवृत्त झालेली नाही. मी दिवसभर कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजून येतो, बूट काढतो, तोच नाना हजर.

"सकाळी दूधवाला किती वाजता आला?"

"सहा सतरा."

"शर्ट?"

"निळा. नाना, मला जेवू द्या."

"एक नंबर साक्षीदार!" म्हणत ते आमच्याच सोफ्यावर बसतात. हे आठवड्यातून निदान चारदा.

टीव्हीवर भिंग घेतलेला कुणी दिसला, की त्यांचं डोकं फिरतं. "खून भिंगानं नाय सुटत. चपला झिजवाव्या लागतात. पहिल्या दोन दिवसांत दारं वाजवा, चहा प्या, गप ऐका. तिसऱ्या दिवशी माणूस घाबरतो, चौथ्या दिवशी गावाला जातो."

"हल्ली कॅमेरे असतात की," आमची ही म्हणाली.

"वहिनी, कॅमेरा तोंड दाखवतो. नाव माणूसच सांगतो."

गेल्या महिन्यात त्यांचा गुडघा धरला, म्हणून मी त्यांना स्कूटरवरून अंबडला नेलं. कामगारांच्या खोल्यांची लांब ओळ. मी मोजल्या, बेचाळीस. पहिल्या खोलीत एक म्हातारी. अकरा वर्षांपूर्वी पहाटे नळापाशी तिच्या एकुलत्या एक मुलाला कुणीतरी भोसकलं. तपासात नाना होते.

म्हातारीनं चहा ठेवला. "बोललं का रे कुणी, नाना?"

"अजून नाय, आई. एक दार राहिलंय."

"मग ये पुढच्या महिन्यात."

बाहेर आल्यावर मी विचारलं, कोणतं दार?

"सतरा नंबर. एक्केचाळीस वाजवली भाऊ. सतराला कुलूप होतं, मी वहीत 'बंद' लिहिलं." नाना गुडघा चोळत होते. "आत रातपाळीवाला झोपलेला. झोपमोड नको म्हणून जोडीदार दिवसपाळीला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. हा त्याच पहाटे नळावरून आलेला, त्यानं बघितलं असणार. मला कळलं चौथ्या दिवशी. तवर तो गावाला गेला. कोणत्या गावाला, जोडीदारालाबी ठाऊक नाय."

"आता तिथे कोण राहतं?"

"दुसरीच माणसं. लय बदलली."

बोलत बोलत आम्ही सतरा नंबरपाशी आलो. कुलूप होतं. नानांनी टोपी नीट केली, तीनदा टकटक केली आणि दाराशी कान नेऊन उभे राहिले.

कुलूप मला दिसत होतं.  मीही त्यांच्या शेजारी उभा राहिलो. किती मिनिटं, ते सांगता येणार नाही. घड्याळ पाहिलंच नाही.