पारवा कॅसेटचे अप्पा

आमच्या घरात कॅसेट आधी आली आणि टेपरेकॉर्डर त्यानंतर काही वर्षांनी. वडील मूळचे माळशिरसकडचे. शेत नव्हतं म्हणून सोलापुरात येऊन चादरीच्या कारखान्यात मागावर लागले. आई घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायची. खोली एक, तीत आम्ही सगळे आणि टॉवेलचे गठ्ठे. अशा घरात एका दिवाळीला वडील बाजारातून कॅसेट घेऊन आले. आई म्हणाली, "ही कशात घालू? तव्यावर?" वडील म्हणाले, "असू दे की. यंत्र येईल कधीतरी."

तोवर ती कॅसेट देवाजवळ राहिली. शेजारी टेप वाजत असला की आई ती पदराआड धरून जायची आणि म्हणायची, "तेवढी आमची लावता का?" शेजारीण बहुतेक वेळा सेल संपलेत म्हणायची. कॅसेटच्या कव्हरावर एका पारव्याचं चित्र होतं. खाली लिहिलेलं, 'पारवा कॅसेट, सोलापूर'.

पुढे मी शिकले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. आता पतसंस्थेत नोकरी करते, जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, आणि दारावरच्या पाटीवर नावापुढे बी.कॉम. लिहिलं आहे. लोक हसतात. हसू देत. ज्यांच्या घरात आजोबांपासून पदव्या आहेत त्यांना पाटीवर लिहायची गरज पडत नाही. मला पडते.

ही पाटी लावली त्याच दिवशी समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. धोतर, कपाळाला विभूती, कानात केस. म्हातारबोवांनी पाटी वाचली, मला वाचली, आणि म्हणाले, "बी.कॉम.बाई, चहाला या."

मे महिना होता. मी गेले. बसले. त्यांनी उठून पंखा बंद केला.

मला वाटलं, चुकून झालं. मी म्हटलं, "अप्पा, पंखा."

"आवाज येतो," अप्पा म्हणाले. "बोला आता."

सोलापूरचा मे काय असतो ते सोलापूरकराला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. माझ्या नाकावरून घाम चहात पडत होता. अप्पा शांतपणे माझ्याकडे बघत होते. मधेच तळहात वर करून म्हणाले, "सुम्म कूडरी." म्हणजे कानडीत, गप्प बसा. खाली कोणाची तरी स्कूटर चालू झाली होती. ती लांब जाईपर्यंत आम्ही दोघं गप्प. मग हात खाली आला. "हं. चालू द्या."

सूनबाई आतून म्हणाल्या, "वैनी, राग मानू नका. आमच्याकडं कुकरची शिट्टी झाली तरी ते वाक्य परत पहिल्यापासून बोलतात."

हेच पारवा कॅसेटचे मालक. मालक, ध्वनिमुद्रक, निवेदक, हमाल, सगळे तेच. मल्लिनाथअप्पा. त्यांच्या वडिलांचं खणाचं दुकान होतं, शहरात, जुन्या पेठेत. अप्पांना खण विकण्याचा कंटाळा. दुकानामागे पत्र्याचं गोदाम होतं, तिथं त्यांनी भिंतींना चादरी टांगल्या, टेप मशीन आणलं आणि कंपनी काढली. मोठ्या शहरातल्या कंपन्या आमच्याकडच्या गाणाऱ्यांना उच्चार गावठी आहे म्हणून परत पाठवायच्या. ते सगळे अप्पांकडे यायचे. मराठीतली भजनं, कानडीतली पदं, विणकरांची तेलुगू गाणी, दखनीतल्या कव्वाल्या. ज्याला कोणी घेत नाही त्याला पारवा घेतो, असं लोक म्हणायचे. चेष्टेनं म्हणायचे. अप्पा ते अभिमानानं सांगतात.

पारवा हे नाव कसं पडलं? गोदामाच्या पत्र्याखाली पारवे राहायचे. हाकलले, जाळी लावली, अप्पांनी स्वतः शिडीवर चढून त्यांना हात जोडले. पारवे हलले नाहीत. पहिल्या कॅसेटमध्ये गाण्यापेक्षा घुमणंच जास्त आलं. अप्पा म्हणाले, "एवढा गातोय तर कव्हरावर नको का त्याचं नाव?"

कॅसेटच्या सुरुवातीला अप्पा स्वतः बोलायचे. गाणाऱ्याचं नाव, गाव आणि धंदा. धंदा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "माणूस सकाळपासून काय करून गायला आलाय, ते ऐकणाऱ्याला कळाय नको?" ही सवय त्यांची अजून आहे. दूधवाल्याशी माझी ओळख त्यांनी अशी करून दिली: "ह्या बी.कॉम.बाई. मुक्काम समोर. धंदा पतसंस्था." आणि थांबले. मी गायला लागेन अशी दूधवाल्याला भीती वाटली असावी.

कॅसेटी ते खणांबरोबर विकायचे. आठवडी बाजारात खणांच्या गठ्ठ्यावर कॅसेट ठेवलेली. पुढे मोबाईल आले, दुकानदार पोरांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायला लागले, त्यात पारवाचीही भरली. कंपनी बसली. पण अप्पांची तक्रार निराळीच. "चोरली त्याचं काय न्हाय. गाणं हाय, ते जाणारच. पण नाव कुटं टाकलं? गाणाऱ्याचं नाव कापून उरलेलं ऐकवतात. आवाज खरा, बाकी पॅकिंग, हे मी बोलतो. पण नाव पॅकिंग नसतं, बाई."

आता गंगव्वाच्या गाण्याबद्दल सांगायला हवं. गंगव्वा अक्कलकोटकडची, बांगड्या विकणारी. पार्वती रुसून माहेरी निघते आणि महादेव तिच्या मागे येतो, असं तिचं एक लांबलचक गाणं. पारवाची सगळ्यात जास्त खपलेली कॅसेट तीच. आमच्या घरातली देवाजवळचीही तीच. तर त्या गाण्यात पार्वती नदीपाशी येते, पाण्यात पाय घालते, पाणी गुडघ्याला लागतं, आणि खट्. पहिली बाजू संपली. उठा, कॅसेट उलटी करा, मग पार्वती पुढं जाणार.

बायकांनी ते गाणं कॅसेटवरूनच पाठ केलं. त्यामुळे आमच्याकडे हळदीला, डोहाळजेवणाला ते गाणं म्हणताना सगळ्याजणी त्याच जागी थांबतात. थांबायचं, पाणी प्यायचं, पान-सुपारी फिरवायची, मग पुढं. माझ्या हळदीलाही थांबल्या होत्या. पुण्याची एक पाहुणी म्हणाली, "विसरल्या का?" तर आमची आत्या म्हणाली, "विसरत न्हाय. रीतच हाय तशी."

रीत वगैरे काही नव्हतं. बाजारात सगळे अप्पांना हसायचे. दुसरे कॅसेटवाले म्हणायचे, वाण्याचं पोर, गजानं गाणं मोजतं आणि मधेच टर्रकन फाडतं. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "टेप संपली. टेप काय माझ्या बापानं काढली?"

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मुलाची, शिवराजची, पुण्याला बदली झाली. तिथला फ्लॅट दोन खोल्यांचा. इथे अप्पांची एक पूर्ण खोली टेपांनी भरलेली. शिवराज माझ्याकडे आला आणि जिन्यातच पायरीवर बसला. बदलीनं, सामानानं आणि बापानं दमलेला माणूस.

"मॅडम, तुम्हीच समजवा. महिनाअखेर जागा सोडायची आहे. टेपा मी नेऊ शकत नाही. अप्पा म्हणतात, टेपा जिथं, मी तिथं. म्हणजे भंगारवाल्याकडं राहणार का?"

"गाणी संगणकावर उतरवली तर?"

"कोण बसणार?"

मी बसले. कोणी सांगितलं होतं? रविवारी माणसानं झोपावं. आठवडाभर काउंटरवर लोकांची कुरकुर ऐकायची, पाणी यायच्या दिवशी पहाटे उठून पिंपं भरायची, आणि राहिलेल्या दुपारी पंखा बंद करून भजनं उतरवत बसायचं. मी वायर आणली, लॅपटॉप जोडला. अप्पांनी मूळ टेपांचं मशीन पुसून ठेवलेलंच होतं. मोठ्या चकत्यांचं जुनं मशीन, अजून चालणारं. सगळ्या टेपा महिनाअखेरपर्यंत उतरल्या तर अप्पा निमूट पुण्याला जाणार, नाहीतर हलणार नाहीत, असं ठरलं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अप्पा, आवाज वायरीतून जातोय. पंखा लावला तरी त्यात येणार नाही."

"वायरीला कान नसतात, हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"सगळ्याच."

"मग पदवी परत करा. सुम्म कूडरी."

गाणं पळवत उतरवायचं नाही, असाही त्यांचा कायदा. पूर्ण ऐकायचं. प्रत्येकाच्या आधी ते नाव, गाव, धंदा मला सांगणार, मी टाइप करणार, ते चष्मा लावून तपासणार. गावाच्या नावात वेलांटी चुकली तरी परत. मी घामानं भिजलेल्या बोटांनी टाइप करत होते आणि स्वतःला शिव्या देत होते.

गंगव्वाचं गाणं मात्र मी मुद्दाम लवकर घेतलं. खरं सांगायचं तर मला कौतुक करून घ्यायचं होतं. घरच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू मी आधीच संगणकावर घेऊन नीट जोडल्या होत्या. पार्वती पाण्यात उतरते आणि न थांबता पलीकडे जाते. जोड कुठे ते कळत नव्हतं. मी ते अप्पांना ऐकवलं.

अप्पा ऐकत होते. नदी आली, नदी गेली. त्यांनी हात वर केला.

"कुणी सांगितलं जोडायला?"

"अप्पा, तुमची तेव्हाची चूक दुरुस्त केली. आता कोणी हसणार नाही."

"हसू द्या. तोडा."

"अहो, टेप संपली म्हणून..."

"बाई, तोडा."

तेव्हा मलाही राग आला. उकाडा, झोप नाही, वर हे. मी म्हटलं, "ठीक आहे, मूळ टेप लावा. त्यावरूनच घेते. जिथे संपते तिथे संपू दे." अप्पा म्हणाले, ती राहू द्या. मी म्हटलं, सगळ्या उतरवायच्या असं ठरलंय, मग हीच का नको? मी चकती मशीनवर चढवली.

गाणं सुरू झालं. पार्वती निघाली, नदी आली, पाणी गुडघ्याला लागलं, आवाज थांबला. मी चकतीकडे बघितलं. अर्ध्याहून जास्त टेप शिल्लक होती आणि ती फिरतच होती. पारवे घुमत होते. मग खोकला. लांब, कोरडा, थांबायचं नाव न घेणारा. आणि अप्पांचा तरुणपणीचा आवाज.

"टेप संपली, गंगव्वा."

"संपली? माझं अजून हुयाचं हाय की."

"दुसरी चढवायला वेळ लागतो. बसा. नीर कुडीरी."

पाणी प्यायल्याचा आवाज. "माझ्यापायी तुझी टेप वाया गेली रं."

"तुमच्यापायी न्हाय. टेपच आखूड निघाली. टेपवाले चोर हायत."

पुन्हा खोकला. मग अप्पा, हळू: "सकाळी काय खाल्लं?"

"खाल्लं की."

"काय?"

यावर काही नाही. फक्त पारवे. मग लांबून अप्पांनी दिलेली हाक, बहुतेक जिन्यावरून वर घरात: "अगं, दोन भाकऱ्या टाक. तिघांना बसायचंय."

अप्पांनी हात पुढे करून मशीन बंद केलं. ज्या माणसाला स्कूटरचा आवाज चालत नाही, तो त्या दिवशी मशीन बंद करायचं विसरला होता.

मग मी विचारलं, "लोक इतकी वर्षं तुम्हाला हसले. एकदा तरी सांगायचं."

"काय सांगायचं? बाईला दम लागतोय म्हणून? तिला तसं बोललो असतो तर ती थांबली नसती, आणि उठून गेली असती ती परत आली नसती. गाणाऱ्याला दम लागला म्हणायचं न्हाय. टेपला लावायचं. टेप काय, उलटून बोलत न्हाय." धोतराच्या सोग्यानं त्यांनी चष्मा पुसला. "हिला ठाऊक होतं. ही गेली. आता तुमाला."

ही म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन बरीच वर्षं झाली. अप्पांच्या घरी इतके दिवस बसून मी त्यांच्या तोंडून तिच्याबद्दल ऐकलेलं हे पहिलं वाक्य.

"एवढं बोलणं पुसा," ते म्हणाले. "तिची नातवंडं हायत. आजी उपाशीपोटी गायली, असं त्यांनी कॅसेटवर ऐकू नये. थांबलेली जागा ठेवा. कारण काढा."

मी बोलणं काढलं. हे सगळं लिहू का, असंही त्यांना विचारलं. म्हणाले, "लिहा. नाव बदला." म्हणून गंगव्वा हे तिचं खरं नाव नाही; गाव, धंदा आणि गाण्यातली गोष्टही मी बदलली आहे.

उरलेल्या टेपांसाठी मी रजा काढली आणि आम्ही त्या पुऱ्या केल्या. मी पतसंस्थेत आजारी असल्याचं कळवलं, आणि त्या खोलीत बसून ते फारसं खोटंही वाटलं नाही. शिवराजनं महिनाअखेरीस टेम्पो बोलावला. अप्पा पुढच्या सीटवर बसून, ड्रायव्हरला त्याचं नाव, गाव विचारत पुण्याला गेले.

काही टेपा बुरशीनं गेल्या होत्या, त्यांचं काही करता आलं नाही. बाकी पारवा कॅसेटची सगळी गाणी आता नेटवर आहेत, कोणालाही फुकट ऐकता येतात. प्रत्येक गाण्यापुढे गाणाऱ्याचं खरं नाव, गाव आणि धंदा लिहिलेला आहे. ते मी टाइप केलं आहे आणि अप्पांनी तपासलं आहे.