आक्रमण समजल्याचा दाखला

कॅल्डर विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने गेल्या तीन मोसमांत एकूण दोन सामने जिंकले होते. त्यातल्या एकात समोरच्या संघाची बस आयोवाच्या बर्फात अडकली होती. तरीही संघाचं आक्रमण, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चालींचा संच, हे पंचक्रोशीतलं सर्वांत प्रगत आक्रमण आहे, याबद्दल विद्यापीठात, गावात आणि खुद्द संघात दुमत नव्हतं. गावच्या साप्ताहिकाने एकदा धीर करून विचारलं, की हे आक्रमण क्वार्टरबॅकसाठी फारच गुंतागुंतीचं तर नाही ना? विद्यापीठाने तिसऱ्या दिवशी लेखी खुलासा केला. आक्रमण गुंतागुंतीचं नाही. क्वार्टरबॅक सोपे आहेत.

ओवेन व्हॅन्डरलिंड हा तीन वर्षांतला पाचवा क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू हातात घेऊन, कोणी कुठे पळायचं आणि कोणी कोणाला अडवायचं, हे बाकीच्या दहा जणांना सांगणारा गडी. आधीच्या चौघांपैकी पहिला दुसऱ्या विद्यापीठात पळाला. दुसरा वैद्यकशास्त्राकडे वळला, कारण ते त्या मानाने सोपं निघालं. तिसऱ्याने घरी शेती धरली. चौथा, असं म्हणतात, अजून आक्रमणाच्या पुस्तकाच्या पहिल्या खंडातच आहे. ओवेनने तीन वर्षं बाकावर बसून काढली होती आणि हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. नवव्या वर्षापासून पोराच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याला खेळायचं होतं, बस्स.

खंड एकूण चार होते. कोच हॉलबर्ट यांनी ते अकरा वर्षं खपून लिहिले होते आणि त्यांना शुद्धिपत्रांची वेगळी पिशवी होती. रोज सकाळी सहाला वर्ग भरे. वर्ग सुटताना प्रत्येकाने एका दाखल्यावर सही करायची: ‘मला वरील सर्व समजले आहे.’ ‘समजलेले नाही’ असं लिहायला त्यात रकानाच नव्हता. तशी वेळ कधी आलीच नव्हती, असं कार्यालयाचं म्हणणं होतं.

सामना चालू असताना कोणती चाल खेळायची, हे मैदानाच्या कडेला उभे असलेले चार राखीव खेळाडू मोठाल्या चित्रांचे फलक धरून दाखवत. टोस्टर, शिंगवालं सांबर, न्हाणीचा टब असली चित्रं. चौथा फलक नेहमी कोरा. एके दिवशी ओवेनने वर्गात हात वर केला.

“कोच, कोरा फलक म्हणजे काय?”

“फार छान प्रश्न,” कोच म्हणाले.

“आणि उत्तर?”

“उत्तर तिसऱ्या खंडात आहे. पण त्याला दुसऱ्या खंडातली अट लागू होते का, ते आधी बघावं लागेल. कालच्या दाखल्यावर सही केलीस ना?”

“केली.”

“मग तुला माहीत आहे,” कोच म्हणाले आणि पुढच्या पानाकडे वळले.

दर रविवारी ओवेनच्या वडिलांचा फोन येई. रॉल्फ व्हॅन्डरलिंड साठ मैलांवरच्या गावात मक्याची कापणीयंत्रं दुरुस्त करायचा. अख्ख्या जिल्ह्यात त्याच्या हाताखालून गेलं नाही असं यंत्र नव्हतं, आणि ज्यात नको तेवढे भाग असतात तेच बिघडतं, हे तो गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवायचा.

“काय रे, काल तो टोस्टर कशासाठी होता?”

“टोस्टर म्हणजे डावीकडे, बाबा. पण शेजारी सांबर असलं तर टोस्टर धरायचाच नाही.”

“आणि टब?”

“टब आला तर मुळात सांबर होतं का, हेच पुन्हा बघायचं.”

“मला बाबा यातलं ओ की ठो कळत नाही,” रॉल्फ म्हणायचा. “तुझ्या आईला सांगू नकोस. तिला वाटतं मला कळतं.”

आता पंचांचं घड्याळ चाल सुरू करायला चाळीस सेकंद देतं, आणि हॉलबर्ट यांच्या चालीचं नुसतं नाव घ्यायला सेहेचाळीस लागत. उशीर झाला की दंड म्हणून चेंडू पाच यार्ड मागे. सप्टेंबरातल्या एका सामन्यात संघ असा दंड भरत भरत मैदानाच्या मध्यापासून स्वतःच्याच गोलरेषेपाशी येऊन पोचला. समोरच्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ते बिचारे बसून पाणी पीत होते. गोलरेषा जवळ आली की नियमाप्रमाणे दंडात उरलेल्या अंतराचं निम्मंच मागे नेतात. म्हणून चार यार्डांचे दोन झाले, दोनाचा एक, एकाचा अर्धा. अखेर पंच गुडघ्यांवर बसून पट्टीने मोजू लागले आणि गणित विभागाचे दोन प्राध्यापक वह्या घेऊन मैदानात उतरले.

“रेषेच्या आत आपल्याला कोणी ढकलू शकलं का?” सामन्यानंतर कोचनी पत्रकारांना विचारलं. “नाही. याला आक्रमण म्हणतात.” पत्रकारांनी ते उतरवून घेतलं.

शेवटून दुसऱ्या सामन्यात, ब्रायर्टन कॉलेजविरुद्ध, अघटित घडलं. ब्रायर्टनच्या एका खेळाडूच्या हातून चेंडू निसटला आणि कॅल्डरला तो त्यांच्या गोलरेषेपासून अवघ्या सहा यार्डांवर मिळाला. कॅल्डर चार गुणांनी मागे, चेंडू घेऊन रेषा ओलांडली की सहा गुण, आणि सामन्याचे बारा सेकंद शिल्लक. कडेला फलक वर झाले: टब, टोस्टर, सांबर, कोरा. ओवेनने सिओने टावीताकडे पाहिलं. सिओने म्हणजे दोन पायांतून चेंडू मागे देणारा, दीडशे किलोचा, सामोआ बेटांवरचा गडी, समोर उभा राहिला की मागचं गाव दिसत नसे.

“सिओने, तुला काही कळतंय का?”

“भूक लागलीये, एवढं कळतंय.”

“मग ऐक. तू समोरच्याला ढकल. मी तुझ्या मागून पळतो.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“कितव्या पानावर आहे ही चाल?”

“पानावर नाहीये.”

सिओनेने शिरस्त्राणाच्या जाळीतून त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तीन वर्षांत पहिल्यांदा मला काय करायचंय ते समजलं रे, भावा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चक्क भरून आला होता. त्याने ढकललं. ओवेन पळाला. कॅल्डर सामना जिंकलं.

शनिवारी रात्री गाव नाचलं. रविवारी सकाळी मात्र पॅनकेकच्या दुकानात लोक जरा गप्पच होते. ढकललं आणि पळाला, एवढंच होतं होय? मग तीन वर्षं आपण आक्रमणाच्या खोलीबद्दल जे बोलत आलो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना हातवारे करून जे समजावलं, त्याचं काय करायचं? असं तोंडाने कोणी म्हणालं नाही. पण दुसरा पॅनकेक कोणी मागवला नाही आणि दुपारपर्यंत गावाचं मत पडलं होतं की पोराचं नशीब जोरावर होतं.

सोमवारी ओवेनला चौकशी समितीपुढे बोलावणं आलं. आरोप होता अनधिकृत यशाचा. समितीच्या प्रमुख क्रीडा विभागाच्या उपाध्यक्षा केस्टनबाम बाई. शेजारी कोच हॉलबर्ट, डोळे लाल, घरात कोणी गेल्यासारखा चेहरा.

“तुम्ही सामना जिंकलात हे समितीला मान्य आहे,” बाई म्हणाल्या. “मुद्दा तो नाही. चालीचं नाव सांगा.”

“नाव नव्हतं, मॅडम.”

“किती पानांची होती?”

“दोन वाक्यांची.”

टिपणं घेणाऱ्या कारकुनाने पेन खाली ठेवलं. इतकं कमी लिहायची त्याला सवय नव्हती.

“अकरा वर्षं घातली मी,” कोच म्हणाले. “आणि हा म्हणतो, मागून पळतो!”

ओवेनचा संयम सुटला. “कोच, खरं सांगू का? मला हे आक्रमण कळत नाही. कधीच कळलं नाही. कोणालाच कळत नाही!”

समितीतल्या एका सभासदाच्या चेहऱ्यावर क्षणभर सुटल्यासारखा भाव आला. त्याने तो लगेच रुमालाने पुसला.

“‘तुम्हाला कळत नाही’ याची नोंद घेतली आहे,” केस्टनबाम बाई म्हणाल्या. “‘कोणालाच’ याला पुरावा लागेल. गुरुवारी जाहीर सभा घेऊ. ज्याला समजलेलं नाही त्याने हात वर करावा. एक, फक्त एक हात वर झाला तरी चारही खंड मागे घेऊ, सोपं आक्रमण आणू, आणि शनिवारचा शेवटचा सामना तुम्ही खेळाल. एकही झाला नाही, तर उणीव तुमच्यात आहे असं सिद्ध होईल आणि तुम्ही बाकावर बसाल. खेळाडूंनी दाखल्यांवर सह्या केलेल्या असल्याने त्यांना हात वर करता येणार नाही.”

ओवेन बाहेर आला तो शीळ घालतच. एक हात! त्याने लगेच वडिलांना फोन लावला.

“बाबा, गुरुवारी एक हात हवाय. बाकी काही करायचं नाही, नुसता वर करायचा.”

“अरे, एक काय मागतोस लेका,” रॉल्फ गरजला, “दोन्ही करतो! मी काय कोणाच्या बापाला घाबरतो?”

गुरुवारी सभागृहात चार हजार माणसं जमली. रॉल्फ चांगला शर्ट घालून तिसऱ्या रांगेत बसला होता, आणि त्याच्या शेजारी गावचे दंतवैद्य डॉक्टर फिंच. आधी कोचनी आक्रमणाचा चाळीस मिनिटं परिचय करून दिला. बाणांनी भरलेल्या आकृत्या पडद्यावर एकामागून एक आल्या आणि लोक माना डोलावत राहिले. मग केस्टनबाम बाई उठल्या. “ज्यांना हे समजलेलं नाही,” त्यांनी विचारलं, “त्यांनी कृपया हात वर करावा.”

एकही हात वर झाला नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर केला असता हो! घरून निघताना त्या चार हजारांतला प्रत्येक जण हेच म्हणून निघाला होता. सातव्या रांगेतल्या एका आजीबाईंचा हात जरासा उचलला गेला. सगळ्या माना तिकडे वळल्या. आजीबाईंनी त्याच हाताने टोपी सारखी केली आणि तो मांडीवर ठेवून दिला. ओवेन व्यासपीठावरून एकटक तिसऱ्या रांगेकडे बघत होता. रॉल्फ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण त्याच्या बापाची मूठ अशी कधी झाकलेली ओवेनने आजवर पाहिली नव्हती. बाईंनी दहापर्यंत मोजलं. मग घड्याळ पाहून आणखी दहा मोजले. माणसाने याहून किती वाट बघायची?

निर्णय एकमताने झाला. आक्रमण सुबोध ठरलं. कोचची मुदत पाच वर्षांनी वाढली. ओवेनच्या त्या दोन वाक्यांची चाल गुणवत्तेवर स्वीकारण्यात आली आणि तिचा एकसष्ट पानांचा पाचवा खंड काढायचं ठरलं. मात्र ती खेळण्यासाठी क्वार्टरबॅकची आकलनक्षमता पुरेशी नसल्याने शनिवारी ओवेन बाकावर बसेल, असंही नोंदवण्यात आलं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना मात्र सगळ्यांचे हात वर होते.

बाहेर गाड्यांपाशी ओवेनने बापाला गाठलं. पोराचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचीही त्याला गरज वाटत नव्हती.

“बाबा, एकच हात मागितला होता. आयुष्यात एकदा. तीन वर्षं बसलो होतो मी.”

“करणारच होतो रे,” रॉल्फ म्हणाला. “देवाशप्पथ. कोपरापर्यंत आलाही होता. पण शेजारी डॉक्टर बसलेले. शिकलेला माणूस. ते एकदम स्वस्थ. म्हटलं, यांना कळलंय म्हणजे कळण्यासारखं असणार.”

डॉक्टर फिंच पलीकडेच आपल्या गाडीचं दार उघडत होते. ओवेन सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. “डॉक्टर, खरं सांगा. तुम्हाला कळलं?”

डॉक्टरांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. “छे, छे! एक अक्षर नाही. मी हात वर करणारच होतो. पण तुझे वडील शेजारी ना. म्हटलं, ज्यांचा मुलगाच खेळतो ते गप्प आहेत, मग आपण कोण?”

रॉल्फने हे ऐकलं. त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला.

“बघ,” तो मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “मी करत नव्हतो, डॉक्टरही करत नव्हते. मी एकट्याने केला असता तर किती हसं झालं असतं आपलं!”