शांतवनभाऊंचा मागचा बंपर

शांतवनभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी नळ बघतात. माणसं नंतर. आम्ही घोडेगावात घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला अख्खी गल्ली आली होती. कुणी फरशीचं कौतुक करत होतं, कुणी ओट्याचं. हे गृहस्थ सरळ बेसिनपाशी गेले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि नव्याकोऱ्या नळाकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, गळतोय की काय. तर तिथूनच, भरल्या घरात, ते म्हणाले, "बाई, ट्यूबलाईट वाकडी दिसती हो यात."

ट्यूबलाईट चांगली सरळ होती. वाकडी दिसत होती ती नळात. चकचकीत वस्तू पारखायची त्यांची ही रीत. वर ट्यूब लावायची आणि वस्तूत तिची रेघ कशी पडते ते बघायचं. रेघ सरळ आली तर काम चोख. तिला लाट आली तर खालचा पत्राच उंचसखल आहे म्हणायचं. त्या दिवसापासून माझी सकाळ बिघडली. दात घासताना नजर नळाकडे जाते आणि उगाचच डोकं फिरतं.

जनावरांच्या बाजाराच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. जुन्या मोटारींचे हौशी मालक असतात ना, आजोबांच्या वेळची गाडी पोटच्या पोरासारखी सांभाळणारे, त्यांचं यांच्यावाचून अडतं. त्या गाड्यांचे क्रोमचे भाग आता कुठे मिळत नाहीत. एका दिव्याची रिंग असते, दुसऱ्याची हरवलेली. मग पुण्याहून, कोल्हापुरातून, पार बडोद्याहून ती एकुलती रिंग शांतवनभाऊंकडे येते. ते लाकडी साच्यावर पत्रा ठोकून तसाच आकार काढतात, घासतात, बफ मारून चकाकी आणतात, नगरला पाठवून क्रोम चढवून आणतात. मग दोन्ही रिंगा शेजारी ठेवून मालकाला विचारतात, तुमची कुठली? मालक हमखास चुकतो. मी एकदा याला नक्कल म्हणाले तर केवढा राग आला त्यांना. "नक्कल तुमच्या शाळेत करत्यात, बाई. हे जुळं हाय."

मी पडले शाळामास्तरीण, काय बोलणार?

या नजरेपायी त्यांनी कुठे कुठे शोभा केली ते सांगायला बसले तर चूल थंड पडेल. आमच्या ह्यांचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात भेटायला आले. पायाचं विचारतील म्हणून हे कण्हायच्या तयारीत होते. शांतवनभाऊंनी सलाईनच्या स्टँडवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नशीब काढलं, साहेब. असला स्टँड साऱ्या नगरात न्हाई." त्या मोडक्या पायानिशी हे इतके हसले की नर्स धावत आली. चर्चमधलाही एक किस्सा पाळकसाहेबांनीच मला सांगितला. प्रभुभोजनाच्या वेळी मंडळी डोळे मिटून बसलेली असते, आणि शांतवनभाऊ एका डोळ्याने प्याल्याची कड तपासत असतात.

पोचा तर त्यांना सहनच होत नाही. भांड्याला असो, मडगार्डला असो, दिसला की हात शिवशिवलाच. एकदा सरपंचांची मोटारसायकल शेडपुढे उभी होती. सरपंच चहा पिऊन येईपर्यंत यांनी तिची टाकी उतरवून पोचा काढायला घेतला होता. सरपंच बिचारे घरी चालत गेले.

त्यांची बायको पोर लहान असतानाच गेली. पोर म्हणजे रूथ. वेणी घालायला ती माझ्याकडे यायची. बाकी सगळं यांनीच केलं. पुढे ती नगरला नर्स झाली. रोज एसटीने जायची, संध्याकाळी परत यायची. ती आली की बापलेक दारापुढच्या ओट्यावर चहा घेत बसायचे आणि हे दिवसभराचं सगळं तिला सांगायचे. अमक्याच्या गाडीच्या जाळीची दांडी कशी वाकली होती, तमक्याची पट्टी कशी बसली. पोर ड्युटी करून दमलेली असायची, कप हातात धरून पेंगायची. यांचं चालूच.

गेल्या हिवाळ्यात रूथचं लग्न ठरलं, श्रीरामपूरच्या मुलाशी. शांतवनभाऊंनी जाहीर करून टाकलं की पोरगी चर्चला आणि तिथून सासरी जाईल ती घरच्या जुन्या अँबॅसिडरमधूनच, आणि त्या गाडीवर चकाकणारी प्रत्येक वस्तू बापाच्या हातची असेल. ऐकून आम्ही गार पडलो. साऱ्या मुलखाच्या गाड्या नटवणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी पार कळकट होऊन शेडमागे उभी होती. मागचा बंपर तर गंजून त्याची चाळण झालेली.

पण काम झपाट्याने झालं. जाळी चढली, दिव्यांच्या रिंगा आल्या, दारांच्या पट्ट्या, पुढचा बंपर, सगळं झगझगीत. बाजाराला आलेले शेतकरी म्हशी सोडून गाडी बघायला लागले. राहिला फक्त मागचा बंपर, आणि तिथे घोडं अडलं. एक केला, नगरहून क्रोम होऊन आला, यांनी बाजूला टाकला. दुसरा केला, तोही टाकला. लग्न तोंडावर आलं. गाडीच्या मागच्या बाजूला दोन उघडी भोकं. रूथ माझ्याकडे आली, रडकुंडीला आलेली. म्हणाली, बाई, तुम्हीच समजवा पप्पांना, मी टेम्पोतून जाईन पण त्यांना म्हणावं जेवा दोन घास.

मी तणतणत शेडमध्ये गेले. भिंतीला दोन बंपर टेकून ठेवलेले. दोन्हींत ट्यूबलाईट बघितली; आता एवढं मलाही कळतं. रेघ अशी सरळ की फळ्यावर पट्टीने मारावी.

"यांत काय वाईट आहे हो?" मी विचारलं.

"सरळ हायेत," ते म्हणाले.

मी कपाळावर हात मारला. ते तिसऱ्या बंपरवर वाकले होते. गुळगुळीत घासलेला पत्रा, आणि त्याच्या डाव्या टोकाला हे गृहस्थ हातोडीने मुद्दाम ठोके देत होते. शेजारी जुना गंजका बंपर ठेवलेला. त्याच्या डाव्या टोकाला चांगला वाटीएवढा पोचा. एक ठोका द्यायचा, त्या पोच्यात बोट फिरवायचं, मग या पोच्यात फिरवायचं. "आजून जरा खोल पायजे," स्वतःशीच म्हणाले.

मला वाटलं, लग्नाच्या धावपळीत डोक्यावर परिणाम झाला. खाली बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. रूथ गाडी शिकत होती तेव्हा बाजाराच्या मैदानात तिने ती मागे घेतली आणि जनावरं बांधायच्या लोखंडी खांबावर घातली. तोच हा पोचा. पोर घाबरून रडली होती. यांनी तिला सांगितलं, संध्याकाळपर्यंत काढून टाकतो. आणि सगळ्या जगाचे पोचे काढणाऱ्या या माणसाने तो काही काढला नाही.

आता बंपर नवा करायचा, तर पोच्यासकट करायचा. क्रोमवर ठोका दिला तर साल निघतं, म्हणून पोचा आधीच पाडावा लागतो. तसा पाडून दोनदा नगरला पाठवला. तिथल्या कारागिराला वाटलं, शांतवनभाऊंचा माल वाटेत टेम्पोत आपटला. दोन्ही वेळा त्याने आपणहून, मोठ्या प्रेमाने, तो सरळ करून दिला. वर फोन करून सांगितलं, भाऊ, काळजी करू नका, नामोनिशाण ठेवलं नाही.

मी हसत सुटले. ते हसले नाहीत.

"अहो, पण लग्नाची गाडी," मी म्हणाले. "चार लोक बघणार. सरळच लावा की."

"बाई, ती जानार," ते म्हणाले. "गाडी माघारी येनार."

तिसऱ्या खेपेला ते स्वतः बंपर घेऊन नगरला गेले आणि क्रोम चढेपर्यंत त्या कारागिराच्या डोक्यावर उभे राहिले.

लग्नाच्या दिवशी गाडी चर्चपुढे उभी राहिली तेव्हा बघणाऱ्यांचे डोळे दिपले. वऱ्हाडी तिच्यात बघून भांग नीट करत होते. निघताना रूथ पदर सावरत गाडीच्या मागे गेली आणि तिथेच थबकली. मग हसायलाच लागली. नवऱ्याला ओढून आणून दाखवलं. "बघा, आमच्या पप्पांची तऱ्हा! सगळी गाडी नवी केली, मागचा बंपर शेवटी जुनाच घासून लावला आणि माझा पोचा तेवढा काढायचा विसरले."

सगळे हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात शांतवनभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले.

"येळच न्हाई घावला गं," ते लेकीला म्हणाले.

श्रीरामपूरहून ते संध्याकाळी एकटेच परतले. मी समोर आमच्या दारातच होते. गाडी चालती होती तेव्हा ते ती नाक पुढे करून ओट्यासमोर लावायचे. त्या दिवशी दोनदा मागेपुढे करून उलटी लावली, मागची बाजू ओट्याकडे. उतरले, चहा करून आणला आणि नेहमीच्या जागी बसले. मी आपली माझा कप घेऊन गेले. विचारलं, गाडी आज उलटी का लावली?

"घरात आता बोलायला कोन हाय, बाई?" ते म्हणाले, आणि कप खाली ठेवून बंपरकडे तोंड करून सरकून बसले.