कस्तुरअक्काचा पहारा

आमच्या शेजारच्या कस्तुरअक्काला आजाऱ्यापेक्षा डॉक्टरवर नजर ठेवायची जास्त हौस. गल्लीत कुणाला ताप आला की ही न बोलावता सोबत निघते आणि दवाखान्यात डॉक्टरच्या हाताला नाक लावून उभी राहते. "पाकीट माझ्यापुढं फाड बाबा. उष्टी सुई चालायची न्हाई." टोचून झालेली सुई डब्यात पडेपर्यंत हलत नाही. हुमनाबादचा नवा डॉक्टर तर तिला दारात बघितलं की आधी पाकीट वर करून दाखवतो, मग नमस्कार करतो.

खरं तर उष्टं-खरकटं आमच्या दुबलगुंडी गावच्या बायकांना कुणी शिकवायला नको. जावेनं तोंड लावलेला तांब्या मी राखेनं घासून घ्यायची. पण त्या काळी सुगीच्या आधी, बाजारच्या दिवशी, आम्ही साऱ्याजणी मिळून 'ताकदीची सुई' घ्यायला जायचो. एकीमागून एक दंड पुढं करायची आणि तेव्हाचा डॉक्टर कोमट पाण्यात बुचकळून तीच सुई फिरवायचा. त्यात मी सगळ्यांत शहाणी. गोळी दिली की रुसायची. "एवढ्या लांबून आले, गोळी कामून द्यायलाव? सुई द्या." जास्त दुखलं तर डॉक्टर जास्त हुशार, असा माझा हिशेब. घरी येताना देवदर्शन करून आल्यासारखी मिरवायची.

त्या रांगेत अक्का असायची, तिची धाकटी बहीण महानंदाही.

महानंदा पुढं एचआयव्हीनं गेली. तेव्हा त्यावरच्या गोळ्या आमच्याकडं पोचल्या नव्हत्या. गावानं तिच्या चालचलणुकीवर बोट ठेवलं. अक्का एकटी सांगत राहिली, "सुईनं झालं." तेवढ्यावरच बहिणीची अब्रू टांगलेली होती. तेव्हापासून हा पहारा.

मागच्या महिन्यात मला कुत्रं चावलं. माझ्या तोंडाला घाबरून माणसं वाट बदलतात, त्या कुत्र्याला कुणी सांगितलं नसावं. अक्का काठी टेकत सोबत आली. पाकीट तिच्यासमोर फाडलं गेलं, मी टोचून घेतलं आणि आम्ही दोघी दवाखान्याच्या पायरीवर टेकलो. समोरच्या भिंतीवर एचआयव्ही कसा पसरतो ते लिहिलेलं होतं. अक्काला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं : असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दुसऱ्याला वापरलेली सुई, आईकडून बाळाला. शिवल्यानं, सोबत जेवल्यानं होत नाही.

मग माझी जीभ वळवळलीच. "अक्के, महानंदाला सुईनंच झालं व्हतं न्हवं?"

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "मला काय ठाव गं. सुई असंल. नवरा असंल. कशानं झालं म्हणून समदं गाव इचारून गेलं. लई दुखायचं तिला. दुखायलंय का, म्हणून एकानं बी इचारलं न्हाई."

माझ्या दंडावरचा कापूस घसरायला लागला होता. तिनं तो आपल्या अंगठ्यानं दाबून धरला.

"तुला दुखायलंय का?"